हौसाक्काची उन्हातली दोरी

आमच्या अपार्टमेंटमध्ये कुणाचीही चड्डी खासगी राहिलेली नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, माहिती म्हणून सांगतेय. रोज सकाळी गच्चीवर ऊन आलं की तळमजल्यावरची हौसाक्का गुडघ्यांवर हात टेकत जिना चढून वर येते आणि दोरीवरचे कपडे तपासायला लागते. साड्या, शर्ट, चादरी यांच्याकडे ती ढुंकूनही बघत नाही. तिचं सगळं लक्ष आतल्या कपड्यांवर. एकेक चड्डी, एकेक बनियन चिमटीत धरायचं, शिवणीपाशी दाबायचं, इलॅस्टिक ताणून सोडायचं आणि मग जिन्याच्या तोंडाशी उभं राहून खाली हाक घालायची.

"दुसऱ्या मजल्यावरची निळी निकर कुणाची हाय? आजून वली हाय! काढायची न्हाय आत्ता!"

दुसऱ्या मजल्यावर दोन घरं. त्यातल्या एकात नुसत्या नर्सिंगच्या पोरी भाड्यानं राहतात. म्हणजे निळी निकर कुणाची ते सगळ्या इमारतीला कळलं. दुसऱ्यात राहतात ते पाटीलसाहेब, आमच्या सोसायटीचे चेअरमन. त्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत दाराबाहेर पडले नाहीत.

हौसाक्का वयानं माझ्या आईएवढी असेल, पण तिला अहोजाहो केलेलं चालत नाही. "मी काय तुजी सासू हाय व्हय?" असं विचारते. मला ती 'मास्तरीण' म्हणते, कारण मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. लोक एकमेकांना भेटले की "काय, बरं हाय का?" विचारतात. हौसाक्का विचारते, "काय, कातडं बरं हाय न्हवं?" दूधवाल्याला विचारते, गॅसचं सिलिंडर आणणाऱ्याला विचारते. पाटीलसाहेबांचे व्याही पहिल्यांदा आले तेव्हा जिन्यातच त्यांना विचारलं, "पावणं, कातडं बरं हाय न्हवं?" ते बिचारे वर गेल्यावर आधी आरशासमोर उभे राहिले म्हणे.

माणसाच्या निम्म्या भानगडी कमरेपाशी सुरू होतात, हे तिचं ठाम मत. कुणाला राग येतो, इलॅस्टिक घट्ट. कुणाचं पोर अभ्यासाला बसत नाही, चड्डीत नायलॉन. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाटीलसाहेब पाण्याच्या बिलावरून तारस्वरात बोलायला लागले, तर ही मागून म्हणाली, "साहेब, एक नंबर मोठी घेत जावा. डोकं शांत ऱ्हातंय." मीटिंग तिथंच संपली. सगळ्यांना हसू आवरेना, आणि साहेबांना पुढचा मुद्दा आठवेना.

तिचे मालक गूळ मार्केटात दिवाणजी होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली. एकच मुलगी, विद्या. ती आजऱ्याला दिली आहे, घरचा काजूचा कारखाना आहे. ही विद्या आईकडे येत नाही. भांडून गेलीय. का भांडली तेही सगळ्या इमारतीला माहीत आहे, कारण हौसाक्का स्वतःच सांगते. नागपंचमी आली, दिवाळी आली, की इमारतीतल्या लेकीबाळी माहेरी यायला लागतात. त्या दिवसांत हौसाक्का फाटकाशी खुर्ची टाकून बसते. विचारलं तर म्हणते, "वाऱ्याला बसलोय." आमच्या कोल्हापूरकडच्या बायका 'मी बसलो, मी आलो' असंच म्हणतात. बाहेरगावचे हसतात. हसू देत.

तिला घेऊन एकदा महाद्वार रोडला खरेदीला गेले होते, परत जन्मात जाणार नाही. दुकानदारानं कौतुकानं एक लेसवाली, गुलाबी, नाजूक वस्तू पुढ्यात ठेवली. हौसाक्कानं ती उलटी केली. आतली शिवण कोपराच्या आतल्या बाजूला खसाखसा घासली. मग कमरेचा रुमाल काढला, दुकानातल्याच पाण्याच्या बाटलीनं भिजवला, आणि त्या गुलाबी रंगावर चोळायला लागली.

"आक्का, आक्का, काय करालाय!" दुकानदार ओरडला.

"रंग सुटतोय बग. हे अंगाला लागलं की चट्टं उठत्यात. आनि हे लोखंडी हूक. ह्येच्या बुडाला काळं पडतंय. नाडीची हाय का?"

"नाडीची? आक्का, नाडीची आता कोण घालतंय?"

"मी घालतो," हौसाक्का म्हणाली. म्हणजे भर दुकानात, दहा-पंधरा माणसांत. मी रस्त्यावर येऊन उभी राहिले आणि समोरच्या चपलांच्या दुकानात फार रस असल्यासारखं दाखवलं.

ती स्वतः घरी शिवते. जुनं मऊ धोतर, धुऊन धुऊन विरत आलेली सुती साडी, असलं काही मिळालं की तिचे डोळे चमकतात. आतली शिवण उलटी मारायची, म्हणजे काचायला नको, आणि कमरेला नाडी. हे कपडे ती लोकांना भेट देते. पाटीलसाहेबांच्या मुलीच्या लग्नात सगळ्यांनी मिक्सर, डिनर सेट, पाकिटं दिली. हौसाक्कानं चमकी कागदात गुंडाळून घरी शिवलेले आतले कपडे दिले, आणि नवरीनं ते स्टेजवरच उघडले. फोटोग्राफर भला माणूस होता, त्यानं तेवढ्यात कॅमेऱ्याची बॅटरी बदलायला घेतली. आता तीच मुलगी पुण्याहून फोन करून "हौसाआजीला सांगा, आणखी हवेत" म्हणते, ते सोडा.

आता मला जरा चिडून बोलायचं आहे. आमच्या गल्लीच्या टोकाला तालीम आहे. तिच्या भिंतीवर पैलवानांचे लंगोट वाळत असतात. लाल, भगवे, ओळीनं, भर उन्हात. येणारा-जाणारा बघतो आणि कुणालाही काही वाटत नाही. आणि आम्ही बायका? आमचे आतले कपडे म्हणजे चोरीचा माल. आधी दोरी घराच्या मागच्या अंगाला, जिथं ऊन फिरकत नाही. त्या दोरीवर कपडे घालायचे, आणि त्यांच्यावर परकर पसरायचा. परकर नसेल तर टॉवेल. म्हणजे वरचा परकर वाळतो, खालचं तसंच गार, दमट. हे आईनं लेकीला शिकवायचं, सासूनं सुनेला शिकवायचं, आणि न शिकवता कुणी उघडं वाळत घातलं तर "वळण नाही" म्हणायचं. वर आमचा कोल्हापूरचा पाऊस. गगनबावड्याकडून एकदा ढग यायला लागले की सूर्य बघायला मिळत नाही. परकराखालचं ते दमट तसंच अंगावर चढवायचं आणि कामाला जायचं. मग खाज. मग मेडिकलमधनं गुपचूप ट्यूब. नवऱ्याला सांगायचं नाही, डॉक्टरला दाखवायचं नाही. डोकं दुखलं तर गल्लीभर सांगतो आम्ही, आणि कंबर सोलून निघाली तरी तोंड बंद.

हौसाक्काचं भांडण या परकराशी आहे. तिची लेक तिला तुटली ती या परकरापायीच.

ती स्वतः सांगते ती हकीकत अशी. "विद्यानं फोनवर हळूच सांगितलं, आई, कमरंला भाजल्यागत हुतंय. मी म्हटलं, येतो. ती म्हणाली, नको. मी म्हटलं, येतोच. सकाळची एसटी धरली. आजऱ्याचा पाऊस तुला म्हाईत हाय, पर त्या दिवशी कसं काय की ऊन पडलंतं. मी मागच्या दारानं गेलो. तर काय, गोठ्यात, म्हशीच्या डोक्यावर दोरी, दोरीवर परकर, आनि परकराखाली माज्या लेकीची कापडं. हात लावला तर गारगार. कुबट वास. मला ऱ्हावलंच न्हाय. घेतली सगळी काखंत आनि फुडल्या अंगणात ऊन हुतं तितं दोरी बांधून घातली वाळत."

पुढच्या अंगणात तेव्हा काय चाललं होतं, हे ती जरा थांबून सांगते. विद्याच्या धाकट्या दिराचं लग्न ठरवायला मुलीकडची माणसं आली होती. खुर्च्या मांडल्या होत्या. हातात पोह्यांच्या बशा होत्या. आणि त्यांच्या नाकासमोर हौसाक्कानं दोरी बांधली. सगळे गप्प झालेले बघून तिला वाटलं, यांना समजलं नसेल, नीट सांगायला पाहिजे. म्हणून तिनं सांगितलं, "पावणं, घाबरू नकासा. लेकीच्या अंगावर चट्टं उठल्यात, जरा ऊन पायजे." मुलीच्या चुलत्यांच्या हातातली बशी कलली आणि पोहे धोतरावर सांडले. हौसाक्का त्यांच्या धोतराकडे बघून म्हणाली, "सुती हाय न्हवं? बरं हाय."

लग्न मोडलं नाही. मुलीकडची माणसं समजूतदार होती. पण विद्याच्या सासूनं ते मनाला लावून घेतलं. "तुझ्या आईनं आमच्या घराची अब्रू दोरीवर वाळत घातली," हे विद्याला जेवताखाता ऐकायला लागलं. दोरी बांधली त्याच दिवशी आईला स्टँडवर सोडायला आलेली विद्या म्हणाली, "आई, परत येऊ नकोस. आणि मलाही बोलवू नकोस." तेव्हापासून फोनवर नुसतं 'बरी आहे'. त्यापुढं काही विचारलं की फोन बंद.

एवढं सांगून झालं की हौसाक्का दर वेळी विचारते, "माजं काय चुकलं सांग, मास्तरीण. कापडं वली हुती का न्हवती?"

कपडे ओले होते, हे खरंच आहे.

गेल्या पावसाळ्यात माझ्यावरच पाळी आली. कमरेला इलॅस्टिक बसतं तिथं लाल पट्टा उठला. आग आग. मी नववीला 'त्वचा' हा धडा शिकवत होते. त्वचा हे शरीराचं सर्वांत मोठं इंद्रिय, असं फळ्यावर लिहीत होते आणि माझं ते इंद्रिय जिवाचा आकांत करत होतं. वर्गभर पोरी. खाजवणार कशी? फळ्याच्या कडेला हळूच कंबर टेकवली, जरा घासली, तर पुढच्या बाकावरची म्हणाली, "बाई, खडूची पावडर लागली पाठीला." दुसऱ्या दिवशी मेडिकलमध्ये जाऊन घोगऱ्या आवाजात "खाजेची ट्यूब" मागितली. त्यानं ती वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. लावली की बरं वाटायचं, थांबवली की दुप्पट उठायचं. पट्टा कमरेवरून खाली उतरला, मांड्यांपर्यंत गेला. पाऊस सरला तरी मी ट्यूबमागून ट्यूब आणत राहिले.

एक दिवस जिन्यात कठड्याला कंबर घासत उभी होते, तर खालून आवाज आला.

"मास्तरीण, उभी ऱ्हा तितंच."

"काही नाही गं आक्का."

"काय न्हाय तर म्हशीगत कठड्याला का घासालीस? चल आत."

तिनं मला घरात नेलं, दार लावलं आणि म्हणाली, दाखव. आणि मी, चाळिशी ओलांडलेली, बी.एस्सी. बी.एड. झालेली बाई, शाळेतल्या पोरीसारखा कुडता वर करून उभी राहिले. हौसाक्का वाकून बघत राहिली. पट्ट्याच्या कडेनं हलकेच बोट फिरवलं. मग म्हणाली, "किती दिस सोसालीस गं?" आणि मला रडूच आलं. खाजेचं कुणी रडतं का? पण आलं खरं. घरात नवरा, पोरं, शाळेत एवढ्या मैत्रिणी, आणि त्यातल्या एकालाही मी हे सांगू शकले नव्हते.

आता तिचा उपाय ऐका. कडुलिंबाच्या उकळलेल्या पाण्यानं अंघोळ आणि वर हळदीचा लेप. मी केलं. कंबर पिवळीजर्द झाली आणि आग चौपट. मी शिव्या घातल्या तेव्हा तिनंच मला रिक्षात घालून शाहूपुरीत कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्या बाईंनी बघितल्या बघितल्या विचारलं, "हे पिवळं काय?"

"हळद," हौसाक्का अभिमानानं म्हणाली.

मग आम्हा दोघींची खरडपट्टी निघाली. इलॅस्टिकच्या रबरानं आधी कातडी चिडली, दमट कपड्यांनी तिथं बुरशी धरली, आणि त्या मेडिकलच्या ट्यूबनं वरवर दाबून आत वाढवली, असं त्यांनी समजावलं. ट्यूब काढून घेतली. औषधं दिली. सैल, सुती घाला, साबण पूर्ण निघेपर्यंत धुवा आणि पुरतं वाळल्याशिवाय अंगावर घालू नका, म्हणाल्या. शेवटचं वाक्य ऐकून हौसाक्का माझ्याकडं बघत अशी हसली, की जणू तिलाच डिग्री मिळाली. येताना मात्र रिक्षात फुगून बसली होती. "कडुलिंबाला नाव ठेवायचं न्हवतं तिनं," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं गच्चीच्या पुढच्या बाजूला, रस्त्याच्या अंगाला, भर उन्हात एक नवी दोरी बांधली. "ही आतल्या कापडांची. वर कायबी पसरायचं न्हाय." मी पहिल्यांदा त्या दोरीवर माझं सामान घातलं तेव्हा कठड्याआड वाकून खाली बघत राहिले. खालून रिक्षा गेली, भाजीवाला गेला, सायकलवरून एक म्हातारा गेला. कुणीही वर बघितलं नाही. लोकांना आपापली कामं असतात, हे मला त्या दिवशी समजलं. हळूहळू नर्सिंगच्या पोरी आल्या, वरच्या मजल्यावरची सून आली. पाटीलसाहेबांनी "इमारतीची शोभा जाते" म्हणून तक्रार केली, तर हौसाक्का म्हणाली, "साहेब, तुमची निळी बी हितंच घाला की, जागा हाय." तक्रार मिटली.

महिन्या-दीड महिन्यात माझी कंबर साफ झाली. हौसाक्काला दाखवायला गेले. तिनं चष्मा लावून बघितलं, हात फिरवला आणि म्हणाली, "गेलं की गं सगळं." मग चष्मा काढून पदरानं पुसत बसली. "विद्याच्या अंगावरचं गेलं आसंल का? का आजून खाजवत बसली आसंल त्या गोठ्यात?"

आणि या पंचमीला विद्या येणार असा फोन आला. तिच्या धाकट्या जावेनं, म्हणजे ज्यांच्या धोतरावर पोहे सांडले त्यांच्या पुतणीनंच, सासूला सांगितलं म्हणे, "ताईंना जाऊ द्या की माहेरी. मी बघतो घरचं." हौसाक्का फोन ठेवून थेट माझ्याकडं आली. मला वाटलं, आनंदानं नाचत असेल. तर चेहरा परीक्षेला बसल्यासारखा.

"मास्तरीण, मी काय बोलणार न्हाय."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दलच न्हाय. कापडाचं न्हाय, कातड्याचं न्हाय. त्वांड उघडाय लागलो तर तू मला चिमटा काढ."

"आक्का, तुझ्याच्यानं होईल का?"

"करतो की. लेक हाय माजी."

विद्या आली. बारीक चणीची, गोरी, चेहऱ्यावर सतत कुणीतरी रागावणार असल्याचा भाव. हौसाक्कानं तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पुरण भरून वाफवलेली दिंडं केली, आजऱ्यातल्या भातापासून काजूच्या भावापर्यंत सगळं विचारलं. कातड्याचं विचारलं नाही. मी मुद्दाम तिथंच बसले होते. बोलता बोलता विद्या उठली, दाराच्या चौकटीला टेकली आणि नकळत कंबर घासायला लागली. हौसाक्कानं तोंड उघडलं. मी चिमटा काढायच्या तयारीत. तिनं ताटातलं अख्खं दिंड उचललं आणि तोंडात कोंबलं. डोळ्यांत पाणी आलं. विद्या म्हणाली, "आई, सावकाश खा की." ती मान हलवत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जरा उघडीप होती. गच्चीवर पुढच्या दोरीवर सगळ्यांचे कपडे फडफडत होते. विद्या बादली घेऊन वर आली. त्या दोरीकडं तिनं बघितलं, आईची दोरी असणार हे तिला कळलंच असेल. क्षणभर थांबली. मग बादली उचलून पाण्याच्या टाकीमागं पत्र्याचं शेड आहे तिकडं गेली. तिथल्या तारेवर आतले कपडे घातले, त्यांच्यावर परकर पसरला, चारी बाजूंनी ओढून नीट झाकला, आणि शाळेतल्या मैत्रिणीबरोबर अंबाबाईच्या दर्शनाला गेली.

थोड्या वेळानं पावसाची भुरभुर सुरू झाली. आम्ही सगळ्या धावत जाऊन पुढचे कपडे काढून आणले. विद्याचे तेवढे शेडमध्ये राहिले. मी परत वर गेले, तर टाकीमागं हौसाक्का उभी. तिनं परकर उचलून आत हात घातला होता. मी म्हटलं, आता ही ओरडणार, सगळी पेठ गोळा करणार.

ती ओरडली नाही. तिनं इकडंतिकडं बघितलं, लेकीचे कपडे तारेवरून काढले, पदराखाली घेतले आणि जिना उतरून घरात गेली. मी मागोमाग गेले. तिनं टेबलावर चादर अंथरली, इस्त्री लावली. एकेक कपडा पसरून, वर पातळ सुती रुमाल ठेवून, इलॅस्टिकला चटका लागू न देता हळूहळू फिरवायला लागली. वाफ निघत होती. मधेच थांबून ती कपडा गालाला लावून बघायची. "आजून दमट हाय," स्वतःशीच म्हणायची, आणि परत इस्त्री.

"आक्का, सांग की तिला सरळ," मी म्हटलं. "आता तर सगळ्याच घालतात त्या दोरीवर. मी सांगू का? माझी कंबर दाखवते तिला."

"नको गं. नको बोलूस."

"का? कपडे ओले होते की नाही?"

तिनं इस्त्री उभी करून ठेवली. "हुती. त्या वेळीबी हुती. मी बरोबरच हुतो, मास्तरीण. बरोबर हुतो आनि घरात एकटीच जेवत हुतो. मला तिची लई आठवण येती गं." आणि पदर तोंडाला लावून ती रडली, मोठ्यानं, लहान पोरासारखी. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

मग डोळे पुसून तिनं उरलेले कपडे वाळवले. आम्ही दोघी परत वर गेलो. तिनं एकेक कपडा तारेवर होता तसाच घातला. वर परकर पसरला. एका कपड्याचा पट्टा बाहेर लोंबत होता, तो स्वतःच्या हातानं आत सारला, कुणाला दिसू नये म्हणून. जन्मभर ज्या परकराशी भांडली तो तिनं चारी बाजूंनी नीट ओढून घेतला.

विद्या दुपारनंतर आली. छत्री निथळत होती, साडीचा काठ भिजला होता. कपडे आणायला गच्चीवर गेली आणि घडी हातात घेऊन खाली आली. आम्ही दोघी शेंगा सोलत बसलो होतो. हौसाक्कानं मान वर केली नाही. विद्या दारात उभी राहिली. हातातली घडी तिनं छातीशी धरली होती. तिनं खिडकीबाहेर बघितलं, तिथं भुरभुर चालूच होती. मग आईकडं बघितलं.

"आई, कपडे अगदी कोरडे झालेत."

"व्हय," हौसाक्का शेंगांकडं बघत म्हणाली. "लई ऊन पडलंतं दुपारी."

विद्या आत आली, आईच्या शेजारी जमिनीवर बसली आणि सुपातल्या शेंगा घेऊन सोलायला लागली. जरा वेळानं तिनं विचारलं, "उद्याबी पडंल का गं, ऊन?"

हौसाक्काचे हात थांबले.

"पडंल की," ती म्हणाली. "तू ऱ्हा तर."